परदेशी कोणी राहतं का?

आकड्यांच्या ऑफिसात काम करते म्हटलं की समोरचा आधी जांभई देतो आणि मग विचारतो, "म्हणजे नक्की काय करता?" मी आता सांगायचं सोडून दिलंय. जिल्ह्यात विहिरी किती, शाळा किती, शेळ्या किती, हे सगळं तालुक्यांकडून आमच्याकडे येतं. आम्ही बेरजा मारतो आणि वर पाठवतो. वर म्हणजे नेमकं कुठे, ते विचारू नका. इतक्या वर्षांत मलाही नीट कळलेलं नाही.

पण आकडा वर गेला तरी त्याच्या मागचा माणूस इथेच राहतो ना! दुपारच्या चहाला त्याची गोष्ट निघते. आमच्या प्रत्येक तक्त्यात 'शेरा' नावाचा एक रकाना असतो, बोटभर रुंदीचा. त्यात जे मावत नाही ते आमच्या टेबलांवर साचतं. शेळ्यांचे किस्से फारसे नाहीत. माणसांचे मात्र ढीगभर, आणि त्यातही सगळ्यात जास्त परदेशी माणसांचे.

खरं तर मला मनीषाचं सांगायचंय. नाशकात जन्मलेली, नाशकात वाढलेली पोर, तिला नर्स व्हायचं होतं आणि ते अडून बसलं. पण ती आमच्या तक्त्यात कशी आली हे कळायला आधी तक्ता कळायला पाहिजे. तेव्हा थोडा धीर धरा.

* * *

तर मध्ये एकदा वरून नवा तक्ता आला. जिल्ह्यात राहणारे परदेशी नागरिक, देशनिहाय. आहेर भाऊसाहेब म्हणाले, नाशकात कोण येतंय परदेशातून, शून्य लिहा आणि पाठवून द्या. आहेर म्हणजे आमचे सगळ्यात जुने क्लार्क, मूळचे सटाण्याकडचे. रागावले की अहिराणीत शिरतात, आणि दिवसातून एकदा तरी शिरतातच. पण आमचे क्षीरसागर साहेब पडले सरळमार्गी. शून्य लिहायचं तरी आधी बघून यायला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं पडलं. मग निकमला धाडलं. निकम आमचा फिरतीवरचा माणूस, पायाला भिंगरी आणि तोंडाला कुलूप नाही.

निकम पहिल्यांदा गेला पंचवटीत. तिथल्या एका बोळात गोऱ्या बाई राहतात असं त्याच्या कानावर आलं होतं. बोळाच्या तोंडाशीच एक काकू मेथी निवडत बसलेल्या. निकमने विचारलं, "काकू, इथे परदेशी कोणी राहतं का?"

काकूंनी मान वर न करता सांगितलं, "आहेत की. वरच्या मजल्यावर. जळगावचे."

निकमने समजावून सांगितलं की तसे परदेशी नकोत, दुसऱ्या देशातले हवेत, एक गोऱ्या बाई आहेत म्हणे. तेव्हा कुठे काकूंनी मेथी खाली ठेवली. "ती होय! ती कशाला परदेशी? ती आमच्या भजनात असते दर गुरुवारी. तिचं नाव घालू नका हां उगाच." निकमने नाव घातलं ते घातलंच, पण त्या बोळातून त्याला पुन्हा कोणी पाणी विचारलं नाही.

* * *

दुसरा होता विंचूरच्या बाजूचा. तिथे वाइनचे कारखाने आहेत, आणि एका कारखान्याकडे फ्रान्सहून एक जाणकार गृहस्थ यायचे. आता प्रश्न असा की हे गृहस्थ 'येतात' की 'राहतात'? आमच्या नियमाप्रमाणे अर्धं वर्ष काढलं तर रहिवासी, नाहीतर पाहुणा. कारखान्यात कोणी छातीठोक सांगेना. म्हणून निकम त्यांच्या घरमालकिणीकडे गेला. म्हातारीने एका वाक्यात निकाल लावला. "द्राक्षं असली की हाय, नसली की नाय."

साहेबांनी यावर बराच विचार केला. शेवटी फ्रान्सपुढे एक लिहून शेऱ्यात 'हंगामी' असा शब्द टाकला. तक्ता वर गेला. आणि वरून उत्तर आलं की ही माहिती चुकून आपल्याकडे आलेली दिसते, कृषी विभागाकडे पाठवावी.

* * *

इगतपुरीचा किस्सा तर निकम स्वतः सांगत नाही, आम्हालाच सांगावा लागतो. तिकडे एका ठिकाणी मौनाचं शिबिर चालू होतं आणि तिथे देशोदेशीचे लोक आलेले. पाऊस असा की समोरचं माणूस दिसू नये. निकम भिजत पोचला, समोर आलेल्या पहिल्या गोऱ्या माणसाला त्याने इंग्रजीत देश विचारला. त्याने हात जोडले. दुसऱ्याला विचारलं, त्यानेही हात जोडले. तिसऱ्या बाईंनी डोळेच मिटून घेतले. तेवढ्यात तिथला एक सेवक आला आणि त्याने हळूच सांगितलं की इथे कोणी बोलत नाही, तुम्हीही बोलू नका, पाऊस ओसरेपर्यंत आत बसा. पाऊस संध्याकाळपर्यंत ओसरला नाही.

तिथल्या लोकांचा आकडा नंतर शिबिराच्या कचेरीने फोनवर दिला. सगळे पाहुणेच निघाले, रहिवासी एकही नाही. पण दुसऱ्या दिवशी निकम ऑफिसात आला तो आपल्या जागेवर बसला आणि साहेबांनी "काय रे, किती निघाले?" विचारल्यावर त्याने नुसते हात जोडले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत एक शब्द नाही. आहेर मला म्हणाले, "मॅडम, ह्याला दर महिन्याला पाठवत जा."

* * *

या तक्त्यापायी आम्हाला एक वाईट सवय लागली. माणसाला आम्ही देशानेच ओळखायला लागलो. "फ्रान्स आला का यंदा?" "पोलंड आजारी आहे म्हणे." पोलंड म्हणजे त्या पंचवटीच्या भजनवाल्या बाई. बाहेरचं कोणी ऐकलं असतं तर वाटलं असतं, इथे बसून हे जगाचा कारभार हाकतात.

नेपाळ मात्र आमच्या दारातच होता. थापा. ऑफिसच्या फाटकाबाहेर त्याची गाडी, सकाळी चहा आणि दुपारनंतर मोमो. साहेब शाकाहारी आणि सोवळ्यातले, पण थापाचे कोबीचे मोमो त्यांनी 'उकडीचा प्रकार' म्हणून पास करून टाकले. थापा बायकोला घेऊन सातपूरला राहतो. मनीषा त्याचीच मुलगी. शाळा सुटली की ती आमच्या ऑफिसच्या व्हरांड्यात अभ्यासाला बसायची, कारण तिथे पंखा होता. मी तिची बोरस्ते मावशी आणि आहेर तिचे आहेर काका. तिने पहिल्यांदा साडी नेसली ती माझी होती, शाळेच्या निरोप समारंभाला.

एकदा आहेरांनी चहा पिता पिता पेपरात वाचलं की आपल्या सरकारने शेजारच्या देशांना मदत म्हणून किती काय दिलं. पूल, दवाखाने, शाळा, आणि पहिल्या नावांत नेपाळ. झालं! सटाण्याच्या रस्त्यावरचे खड्डे, गावचं पाणी, स्वतःच्या पगारातून कापला जाणारा टॅक्स, सगळं एका दमात निघालं. शेवटी पेपर हाताने बडवत म्हणाले, "हाऊ मना पैसा शे! मना!"

थापा गाळणी हातात घेऊन ऐकत होता. तो म्हणाला, "भाऊसाहेब, आमच्या गावाला तुमच्या सरकारने पूल दिलाय. एकदम पक्का. आधी पावसाळ्यात नदी ओलांडता यायची नाही, म्हणून गावात निम्मी माणसं तरी टिकून होती. पूल झाला आणि तीपण निघून इकडे आली."

आहेरांनी चहा संपवला. त्या दिवसाचे सगळ्यांचे पैसे त्यांनी दिले, आणि कारण विचारल्यावर माझ्यावरच डाफरले.

* * *

मनीषा बारावी झाली. चांगले मार्क पडले. नर्सिंगला जायचं हे तिचं आठवीपासून ठरलेलं. आजी वारली तेव्हा दवाखान्यात एका सिस्टरने रात्रंदिवस केलं होतं, ते तिच्या मनात बसलेलं. प्रवेशाला राष्ट्रीयत्वाचा आणि अधिवासाचा दाखला लागतो. ती सेतू केंद्रात गेली आणि हात हलवत परत आली.

साहेबांनी स्वतः फोन लावून चौकशी केली. दाखला न देणाऱ्यांचं काही चुकलं नव्हतं. आई नेपाळची, वडील नेपाळचे, मग मुलगी इथल्या सरकारी दवाखान्यात जन्मली काय किंवा आणखी कुठे, नागरिक नेपाळचीच. थापाने मध्ये गावी जाऊन तिचे नेपाळचे कागद करून आणले होतेच. आपल्याकडचा दाखला मिळणार नाही, दाखला नाही म्हणून जागा नाही. इतकं साधं होतं ते.

योगायोग बघा, त्याच आठवड्यात आमच्या तक्त्याची तारीख होती. मनीषाला अठरा पूर्ण झालेली, आता तिचं नाव थापाच्या कुटुंबातून वेगळं काढून मोठ्यांच्या आकड्यात धरायचं. नेपाळच्या ओळीत मी एक वाढवला. ती समोर व्हरांड्यात बसली होती, पुस्तक नव्हतं हातात. मला फार वाईट वाटलं, सरळ सांगते. इतक्या वर्षांत एवढं जड बोट कधी झालं नव्हतं. तिने आत येऊन विचारलं, "मावशी, मला घातलं का?" मी हो म्हटलं. "कुठे?" मी सांगितलं. ती म्हणाली, "मी तिथे दोनदाच गेलेय. एकदा तर जुलाबच लागले होते."

* * *

आता आहेरांचं. एखाद्या माणसाला दातदुखी असली की तो सारखी जीभ तिथेच लावतो, तसं आहेर ती परदेशी मदतीची पानं सारखी वाचायचे. इंटरनेटवरून छापून घ्यायचे, लाल पेनने खुणा करायचे, आणि खूण केली की चिडायचे. कोणत्या देशाला धरण, कोणत्या देशाला रेल्वे. एक दिवस असेच चिडत चिडत शेवटच्या पानावर गेले आणि लाल पेन खाली ठेवलं. मला वाटलं, बीपी वाढलं. उठून थापाच्या गाडीवर गेले आणि त्याच्यापुढे कागद धरला.

नेपाळच्या विद्यार्थ्यांना भारतात शिकायला भारत सरकारची शिष्यवृत्ती. नर्सिंगलासुद्धा. फी सरकारची, होस्टेल सरकारचं. परीक्षा काठमांडूला.

थापाला वाटलं, आपल्यासाठी नसेलच हे, आपण तर नाशिकला राहतो. साहेबांनी सगळे नियम दोनदा वाचले. उमेदवार नेपाळचा नागरिक पाहिजे, एवढंच लिहिलेलं. राहतो कुठे, त्याने काही बिघडत नव्हतं. तरी मनीषाने अर्जात पत्ता सातपूरचाच लिहिला. लपवायचं काही नाही, असं साहेबांनी थापाला चार वेळा सांगितलं. थापा मान हलवायचा, पण त्याच्या चेहऱ्यावरची भीती काही हलायची नाही.

* * *

काठमांडूचा किस्सा मनीषाच्या तोंडून ऐकावा. परीक्षा झाली, मग मुलाखत. तिथले एक वयस्कर साहेब फार मायाळू होते म्हणे. त्यांनी तिला विचारलं, बाळ, परक्या देशात राहावं लागेल, घरची आठवण आली तर काय करशील?

ही म्हणाली, "नाशिक मिळालं तर येणार नाही."

बाकीच्या मुलींनी दिल्ली, पुणे, बंगळूर मागितलेलं. नाशिक कुणालाच नको होतं, त्यामुळे ते हिला लगेच मिळालं. ते साहेब म्हणे कौतुकाने म्हणाले की छोट्या गावात जायची तयारी आहे, मुलगी जिद्दीची दिसते. छोटं गाव! निकमला ते अजून झोंबतंय.

* * *

आणि मग आमची मनीषा परदेशी विद्यार्थिनी म्हणून नाशकात दाखल झाली. सातपूरहून. परदेशी मुलींना होस्टेल सक्तीचं, म्हणून घर तिथून रिक्षाच्या अंतरावर असताना गादीची वळकटी घेऊन होस्टेलला गेली. पहिल्या दिवशी परदेशी मुलामुलींना सगळी माहिती दिली. इथे रस्ता ओलांडताना कुठे बघायचं, गोदावरीच्या पाण्यात उतरू नका, मिसळ नावाचा पदार्थ तिखट असतो, पहिल्यांदा थोडीच खा. मनीषा सगळं वहीत लिहून घेत होती. मी म्हटलं, अगं तू कशाला लिहिलंस? तर म्हणाली, "सगळ्या लिहीत होत्या, मावशी. मी एकटी कशी बसणार?"

मराठीचा वर्गही सक्तीचा. 'माझे नाव अमुक आहे. मला पाणी हवे आहे.' सुटका नाही. शेवटी परीक्षा झाली. बारावीला मराठीत वर्गात सगळ्यांच्या पुढे असलेली आमची पोर त्या परीक्षेत दुसरी आली. पहिली भूतानची.

* * *

एक गोष्ट राहिलीच. परदेशी मुलीला शहरात 'स्थानिक पालक' लागतो. तिला सुट्टीत होस्टेलमधून न्यायचं असेल, आजारपणात सही करायची असेल, तर तो माणूस पाहिजे. आणि तो भारताचा नागरिक पाहिजे. म्हणजे सख्खा बाप गावात असून चालत नाही.

थापा माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. मला वाटलं, मला विचारतोय, आणि मी हो म्हणणारच होते. तेवढ्यात मागून आहेर खुर्ची सरकवून उठले आणि म्हणाले, कुठे सही करायची ते दाखव.

तेव्हापासून दर रविवारी आहेर होस्टेलवर जायचे, पोरीचा डबा घेऊन. डबा थापाच्या बायकोने केलेला. थापा त्यांच्या स्कूटरवर मागे बसून जायचा, पण आत नाही. रस्त्याच्या पलीकडे रसवंतीपाशी उभा राहायचा. आत कोणी बघितलं, बाप इथेच गाडी लावतो हे कळलं, तर काठमांडूपर्यंत बातमी जाईल आणि पोरीची जागा जाईल, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. साहेबांनी सांगून झालं, मी सांगून झालं. कागद बघितला की अंग चोरायची सवय एका दिवसात जात नाही. मनीषा खिडकीतून त्याला हात करायची. त्यालासुद्धा तो आधी इकडेतिकडे बघायचा.

* * *

दिवाळीची सुट्टी लागली. मनीषाला घरी आणायचं होतं. आहेर आणि थापा स्कूटरवर, आणि मीही माझ्या गाडीवर मागून गेले, काही कारण नसताना. फाटकाशी गेल्यावर आहेरांनी थापाला रसवंतीकडे जाऊ दिलं नाही. "पेटी कोण उचलणार? मनी कंबर?" असं म्हणून त्याला ओढतच आत नेलं.

रेक्टर मॅडम वयाने मोठ्या, चष्मा दोरीला बांधलेला. त्यांनी आहेरांची सही घेतली, फोटो ताडून बघितला. मग थापाकडे बघून विचारलं की हे कोण. आहेर काही बोलायच्या आत थापाच घाईने म्हणाला, "मी यांच्यासोबत आहे. सामान न्यायला." असं सांगायची काही गरज नव्हती हो.

मनीषा तेव्हा जिन्यावर होती. तिने ते ऐकलं. उरलेल्या पायऱ्या हळू उतरली, सगळ्यांच्या समोर आली आणि हातातली बॅग पुढे करून म्हणाली, "बाबा, धरा."

थापाने बॅग धरली. करणार काय?

रेक्टर मॅडमनी चष्मा काढला, आणि त्यांचा चेहरा एकदम फुलला. त्यांनी स्वतःची खुर्ची थापाकडे सरकवली, शिपायाला पाणी आणायला सांगितलं. "अगंबाई, वडील का! आधी नाही का सांगायचं? लेकीला न्यायला नेपाळहून एवढ्या लांब आलात! कधी आलात?"

थापाने आहेरांकडे बघितलं. आहेर भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. मग त्याने माझ्याकडे बघितलं, आणि मग मनीषाकडे. ती त्याच्या शेजारीच उभी होती.

"ही जन्मायच्या आधी, मॅडम."